तीन वर्षांच्या पायांनी शिवनेरी

मावशी, नमस्कार.

आम्ही पुण्यात वाकडला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीनचा. लग्नाआधी नवरा दर रविवारी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असायचा. आता आठवडाभर लॅपटॉपसमोर बसून पाठ धरते, पण मन अजून डोंगरातच आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी जुन्नरला जायचं त्याने ठरवलंय आणि त्याची एक्सेल शीटही केलीय. शनिवारी पहाटे चारला निघायचं, आठला लेण्याद्री, अकराला शिवनेरी, तीनला ओझर, पाचला नाणेघाट, रात्री तिथेच तंबू. रविवारी पहाटे जीवधन किल्ला, दुपारी माळशेज, रात्री घरी. सासूबाई म्हणतात, लहानग्याला रानात नेऊच नका, तिकडे बिबट्या आहे. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. गेल्या वर्षी असेच एकदा गेलो होतो. परतताना गाडीत आम्ही तिघं रडत होतो आणि नवरा गप्प होता. मुलं घरात असली की मोबाइलला चिकटलेली असतात, म्हणून बाहेर न्यायचं तर आहे. की सरळ पोहण्याचा तलाव असलेलं एखादं रिसॉर्ट घेऊ? नक्की काय करू, सोबत काय नेऊ आणि नवऱ्याला कसं सांगू?

तुमची एक दमलेली भाची

---

अगं भाची,

तुझं पत्र वाचून मी आधी पोटभर हसले, मग जरा ओशाळले. कारण ही एक्सेल शीट माझ्या ओळखीची आहे. आमच्या वेळी ती पाठकोऱ्या कागदावर असायची, एवढाच फरक.

माझं माहेर ओतूरचं, म्हणजे जुन्नर तालुक्यातलंच. माझी दोन्ही मुलं लहान असताना आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना शिवनेरीला नेलं. निघता निघता अकरा वाजले. पाण्याची एकच बाटली, तीही थोरल्याने दुसऱ्या दरवाजाशी पोहोचेपर्यंत संपवली. धाकटी कडेवरून उतरेना आणि हे पुढे जाऊन वरून ‘चला, चला’ करत होते. थोरल्याला उलटी झाली. शिवाईचं दर्शनही न घेता आम्ही खाली आलो आणि ओतूरला पोहोचेपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. पुढे थंडीत परत गेलो, तेव्हा सगळा गड पाहून झाला. आज त्या मुलाची चाळिशी उलटलीय. शिवनेरीवरचं लहानपणचं काय आठवतं विचारलं, तर म्हणतो, टाक्याच्या काठावर बसलेला एक बेडूक. त्याला अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार आठवत नाही, कडेलोटाचं टोक आठवत नाही. बेडूक मात्र कसा डोळे मिटायचा, ते करून दाखवतो.

म्हणून आधी रिसॉर्टचं बोलते. घ्यायचं असेल तर खुशाल घे, त्यात काही पाप नाही. दमलेल्या आईला दोन दिवस आयतं जेवण मिळालं तर मी कोण नको म्हणणारी? पण तुला मुलांना बाहेर न्यायचंय, असं तूच लिहिलंयस. मग जा, जुन्नरलाच जा. वाकडपासून शंभरेक किलोमीटर, रस्ता चांगला, आणि आश्विनातला तो भाग मुलांच्या वयाला अगदी जुळतो. पावसाळ्यातली शेवाळी निसरड संपलेली असते, ओढ्यांत घोट्याएवढं पाणी असतं, माळावर सोनकी पिवळी झालेली असते आणि नाणेघाटाच्या वाटेवर भात कापणीला आलेला असतो. फक्त ती यादी घेऊन जाऊ नका.

यादीतली चार नावं मी खोडली आणि दोन ठेवली. शनिवारी नाणेघाट, रविवारी शिवनेरी. दिवसाला एकच.

हे ऐकून जावईबापूंचा चेहरा कसा होईल, ते मला इथे बसून दिसतंय. त्यांच्याकडे नंतर येते.

पहाटे चारला निघण्याचं कारण चाकणची गर्दी असणार, ते मी समजू शकते. पण चारला उठवलेलं साडेतीन वर्षांचं पोर दहा वाजता काय करतं, ते तुला माहीत आहे. सहाला निघा. मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवा, दात नारायणगावला घासता येतात. सात-सव्वासातपर्यंत चाकण मागे पडलं की बास. पोटात काहीतरी असू दे, दोन बिस्किटं का होईना, कारण रिकाम्या पोटी गाडी जास्त लागते. मोबाइल हातात देऊ नको, खाली बघत बसलं की मळमळतंच. नारायणगावला उतरून मिसळ खा, मुलांना इडली किंवा पोहे द्या, आणि पाय मोकळे होईपर्यंत अर्धा तास तिथेच घालवा. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली टेंपोंची रांग दिसली तर मुलाला ती मोजू दे. त्याच्या दृष्टीने सहल तिथेच सुरू झाली.

जुन्नरला पोहोचलात की खोलीवर जा. जेवा. आणि झोपा. हे लिहायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण एवढ्या लांब येऊन झोपायचं का, असं मोठ्यांनाच वाटतं. पण ऑक्टोबरचं ऊन चैत्रातल्यासारखं भाजतं, आणि दुपारी झोपलेलं मूल संध्याकाळी माणसासारखं वागतं.

अडीचला निघा. जुन्नरपासून नाणेघाट तीसेक किलोमीटर, आपटाळे, चावंड, घाटघर असा रस्ता. निघण्याआधी आभाळ बघा. दसऱ्याच्या आगेमागे आमच्याकडे दुपारनंतर परतीचा पाऊस येतो, हस्ताचा असो की चित्राचा, आणि तो विजा घेऊन येतो. नाणेघाटाचं पठार उघडं आहे, आडोसा नाही. पश्चिमेला काळे ढग चढताना दिसले तर त्या दिवशी जायचं नाही. खोडदकडे वळा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तश्तऱ्या रस्त्यावरूनही दिसतात. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा ३० आहेत. १४ खोडदच्या आसपास, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या लांबवर पसरलेल्या. आत जायला आधी परवानगी लागते, पण साडेतीन वर्षांच्या मुलाला लांबून तेवढी एक तश्तरी पुरते. आणि मुलीला हे जरूर सांग की त्या आकाशातल्या इतक्या बारीक लहरी ऐकतात की आपल्या मोबाइलचाही त्यांना त्रास होतो. तुझ्या घरातल्या एका भांडणात हे कधीतरी उपयोगी पडेल.

आभाळ निरभ्र असेल तर मात्र नाणेघाटासारखी जागा नाही. गाडी जवळजवळ घाटमाथ्यापर्यंत जाते, चढ नाही. पठारावर पाय ठेवला की वारा. मुलाची टोपी गळ्याखाली बांधलेली असू दे, नाहीतर ती कोकणात सापडेल. तिथे दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. जुन्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. एवढं तुला पुरे. मुलाला फक्त विचार की या रांजणात किती नाणी मावतील. मोजणं त्याचं त्याला करू दे. मध्ये बोलू नको.

रांजणापासून पुढे खिंड आहे, दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधून फरसबंदीची उतरती वाट. थोडं उतरलं की गुहा लागते. दगड गुळगुळीत आहेत, मुलाचा हात धरा. आत भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका, तिने कोरवलेला, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, यांचे आकडे त्यात आहेत, म्हणून आपल्याकडच्या अंकांचा इतिहास सांगणारी माणसं या भिंतीपाशी येतातच. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वरची नावं राहिली. तुझी मुलगी दुसरीत असेल, तिला नुकतंच लिहिता येऊ लागलंय. भिंतीला हात न लावता, वहीत त्यातली तीन अक्षरं जशीच्या तशी काढून आणायला सांग. कुठलीही तीन. जावयाला सांग की ही वीस मिनिटं माहिती द्यायची नाही. बिचारा तडफडेल, पण करेल.

नानाचा अंगठा म्हणतात त्या टोकाकडे लहानग्याला न्यायचं नाही. वारा जोरात असतो, कडा सरळ तुटलेला आहे, आणि या वयाचं मूल ‘थांब’ ऐकल्यावर आधी दोन पावलं पळतं. एकाने मुलांबरोबर पठारावर बसायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं, मग अदलाबदल. तुझी पाळी सोडू नको. तिथून दिसणारं कोकण तुलाही बघायचं असतंच.

आणि तिथे गवतात बसलात की कुसळांची ओळख होईल. पाऊस संपला की हे गवत पिकतं आणि त्याच्या टोकदार बिया मोज्यात अशा घुसतात की ओढली तर आणखी आत जातात. मुलगा रडेल. तेव्हा एक कुसळ तळहातावर ठेव आणि त्यावर पाण्याचा थेंब टाक. त्याची शेपटी हळूहळू पीळ सोडत गोल फिरायला लागते. जमिनीत स्वतःला रुजवण्याची त्याची ही रीत आहे. माझ्या नातवाने यापायी एकदा अर्धी बाटली पाणी संपवलं होतं. म्हणून म्हणते, पाणी दोघांच्या अंदाजापेक्षा दुप्पट न्या.

पाचला तिथून निघायचं. सूर्यास्त बघत थांबायचं नाही. याचं कारण तुझ्या सासूबाईंनी आधीच सांगितलंय.

बिबट्याच्या बाबतीत त्या बरोबर आहेत. जुन्नरमध्ये बिबट्या उसात राहतो, उसातच पिलं वाढवतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र काही उगाच झालेलं नाही. लहान मुलांवर हल्ले झालेत, जीवही गेलेत. आमच्याकडची माणसं त्याच्यासोबत राहतात, पण काही नेम पाळून. दिवेलागणीनंतर पोरं अंगणात एकटी सोडत नाहीत. उसाच्या बांधाशी मूल शौचाला बसवत नाहीत, कारण बसलेलं मूल त्याला शेळीएवढंच दिसतं. अंधारात चालायचं झालं तर बोलत, बॅटरी घेऊन, पोर मधे आणि मोठी माणसं दोन्हीकडे. तुम्हीही हेच करा. आणि तंबू नाही. साडेतीन वर्षांचं मूल सोबत असताना नाही, नाणेघाटावर नाही आणि उसाशेजारच्या ‘निसर्गाच्या कुशीतल्या’ हिरवळीवर तर अजिबात नाही. जुन्नर गावात किंवा पक्कं कुंपण असलेल्या ठिकाणी खोली घ्या. यात जावयाशी वाद घालत बसू नको, माझं नाव सांग.

तंबूची हौस भागवायचीच असेल तर खोलीत दोन खुर्च्यांवर चादर टाका. हसू नको, मुलांना त्यात काही कमी वाटत नाही.

रात्री गच्चीवर जा. चांदणं असेल तर कोजागरीसारखं दूध आटवून घ्या, खालच्या स्वयंपाकघरात सांगितलं की करून देतात. चांदणं नसेल तर आणखी छान. डोक्यावरून जरा पश्चिमेला अभिजित आणि श्रवण, पूर्वेकडून वर आलेला भाद्रपदेचा मोठा चौकोन, आणि नऊच्या सुमारास पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका. चौकोन मुलांना लगेच सापडतो. वाकडला तो कधी दिसला असेल, असं मला वाटत नाही.

आता रविवार. सकाळी सातला शिवनेरीच्या वाहनतळावर असलात तर सगळं जमेल, नऊला पोहोचलात तर माझ्या नावाने बोटं मोडू नका. उन्हाच्या आधीचे दोन तास म्हणजे निम्मा गड. पायऱ्यांची वाट सोपी आहे, बाजूला झाडं आहेत, सात दरवाजे लागतात. मोठी माणसं तासाभरात वर जातात. तुम्ही दीड ते दोन तास धरा आणि तेवढे सगळे वापरा.

प्रत्येक दरवाजा म्हणजे एक थांबा. पहिल्याला पाणी, दुसऱ्याला खाऊ, तिसऱ्याला पाणी, असं. साडेतीनच्या मुलाला ‘वर महाराजांचा जन्म झाला ती जागा आहे’ म्हटलं तर ती फार लांब असते, पण ‘पुढच्या दरवाजात खाऊ’ म्हटलं की पाय आपोआप चालतात. मुलीला वेगळं काम दे. वाटेत एका दरवाजावर शरभ कोरलेला आहे, अर्धा वाघ आणि अर्धा कुणास ठाऊक काय, असा कल्पनेतला प्राणी. तो कुठल्या दरवाजावर आहे, ते मी सांगणार नाही. तिला शोधू दे.

साखळी धरून कडा चढायच्या वाटेचं नाव काढायचं नाही. एवढं एकदा स्पष्ट सांगून ठेव, कारण जुने ट्रेकर तिथे पोहोचले की हळूच म्हणतात, ‘आपण नुसतं खालून बघून येऊ.’

वाटेत शिवाईदेवीचं देऊळ आहे. तिच्यावरूनच महाराजांचं नाव शिवाजी ठेवलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सासूबाईंना सोबत आणा, असं मी सुचवणार आहे. त्यांचे गुडघे बरे असतील तर त्या देवळापर्यंत सावकाश येतील, सावलीत बसतील, आणि मुलं त्यांच्या ताब्यात देऊन तुम्ही दोघं वीस मिनिटं गप्पा मारत बसाल. शेवटच्या कधी मारल्या होत्या? गुडघे बरे नसतील तर वाटेत ओझरला विघ्नहराचं दर्शन घडवा, तिथे चढ नाही. माझ्या यादीत ते नव्हतं, पण सासूबाई आल्या तर यादी बदलते. बिबट्याची आठवण करून देणारं माणूस घरी ठेवून जाण्यापेक्षा सोबत नेलेलं बरं. संध्याकाळी मुलांवर त्यांच्याइतकी करडी नजर दुसऱ्या कुणाची राहणार नाही.

वर पोहोचल्यावर काय बघायचं, ते तिथे पाट्यांवर आहे. गंगा-जमुना टाकी मात्र चुकवू नका. कातळात खोदलेली, बारमाही पाण्याची. काठाशी पालथं झोपून, पोटाखाली बाबांचा हात धरून, मुलाला आत बघू दे. पाण्यावर चालणारे किडे दिसतील, नशीब असेल तर बेडूकही दिसेल. जन्मस्थानाच्या इमारतीत खाली पाळणा आहे. तिथे मुलं आपोआप हळू बोलायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मुलीला शाळेत पाठ होणारच आहे. त्या खोलीचा उंबरा किती उंच आहे, ते तिला पायाने कळू दे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे १२ किल्ले निवडले, त्यात शिवनेरी आहे, हे जावयाला सांगायला आवडेल. हे सांगायची परवानगी आहे.

कडेलोटाकडे गेलात तर लहानगा कडेवर. तिथून वडज धरणाचं पाणी दिसतं, ते बघून परत.

एक भीती मात्र खरी धरा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट, डोक्याला वासाचं तेल त्या दिवशी नको. आरडाओरडा नको, धूर नको, कुणी पोळ्याकडे दगड मारत असेल तर तिथून लगेच दूर व्हा. माश्या उठल्याच तर मुलांचं डोकं-तोंड ओढणीत गुंडाळून सरळ चालू पडायचं, हात हलवत उभं राहायचं नाही. साप क्वचितच दिसतो, पण फुरसं आणि घोणस आमच्या भागात आहेत. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, हा नियम मुलांना घरूनच पाठ करून आणा. काही झालंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. १०८ ला फोन करायचा, मुलाला चालू द्यायचं नाही, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं.

अकरापर्यंत खाली या. जेवा आणि घरी निघा. लेण्याद्री समोर दिसतेय म्हणून तिकडे गाडी वळवू नका. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दुपारी त्या तापतात, आणि हातातला प्रसाद माकडं घेऊन जातात. ती पुन्हा कधीतरी, थंडीत, सकाळी, संकष्टी नसेल अशा दिवशी.

पिशवीचं थोडक्यात सांगते. दोन्ही मुलांना पूर्ण लांबीच्या सुती विजारी, जुने रुळलेले बूट (नवे आदल्या दिवशी आणू नको, फोड येतात), मोज्यांचे तीन-तीन जोड. पहाटे दव असतं, पहिला जोड वाहनतळावरच भिजतो. एक स्वेटर, कारण जुन्नरला रात्री गारवा पडतो. साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं, पाकिटावर लिहिलेल्या मापातच पाणी घालून. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी, हरवलं तर जागेवर उभं राहून वाजवायची, गंमत म्हणून नाही. एक मोठी छत्री. पावसासाठी नाही गं, मुलीला आडोसा लागला की उघडायची. सात वर्षांच्या पोरींना लाज वाटते आणि त्या सांगत नाहीत, मग दिवसभर पाणी पीत नाहीत.

खायला धपाटे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, काकडी. वाटेत ओल्या शेंगा उकडून मिळाल्या तर सोडू नका. सीताफळं याच दिवसांत येतात, पण ती गाडीत द्यायची नाहीत. रस्त्याकडेला उभं राहून, बिया कोण लांब थुंकतो ते बघत खायची. हुरड्याची चौकशी आत्ता करू नका, त्याला अजून दोन-तीन महिने आहेत.

खोलीवर आलात की दोघांनाही गरम पाण्याने अंघोळ घाल. कानामागे, काखेत, विजारीच्या नाडीखाली नीट बघ. पावसानंतरच्या गवतात बारीक किडे चावतात आणि कधीकधी त्यातून आठ-दहा दिवसांनी ताप येतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गवतात खेळला होता’ हे आपणहून सांग. एवढ्याशा वाक्याने निदान लवकर होतं.

आता जावईबापू. तू लिहिलंस की परतताना ते गप्प होते. मला वाटतं, ते त्या दिवशी दोन सहलींना गेले होते, एक मुलांची आणि एक त्यांची स्वतःची, आणि दोन्ही हातच्या गेल्या. त्या शीटमध्ये जीवधन आहे ना, त्याचा मुलांशी काही संबंध नाही. ते त्यांच्या जुन्या रविवारांचं आहे. म्हणून ‘तुला मुलांचं काही कळत नाही’ असं बोलू नको. ‘जीवधन तुझ्या मित्रांबरोबर जानेवारीत कर, मी तो शनिवार-रविवार आत्ताच मोकळा ठेवते’ असं सांग, आणि कॅलेंडरवर समोरच लिही. मग बघ, बाकीची शीट स्वतःच खोडायला घेतात की नाही. बदल्यात फेब्रुवारीतला एक रविवार तुझा. हाही त्याच वेळी लिहायचा, नंतर नाही.

मोबाइलचं म्हणशील तर नियम मुलांना लावू नको, गाडीला लाव. गाडीत कुणाचाच नाही, रस्ता दाखवणारा सोडून. फोटोसाठी एकच फोन, तोही मुलीच्या हातात, दिवसाला दहा फोटो. तिने काढलेल्या फोटोंत तुमची डोकी कापली जातील. असू दे.

घरी आल्यावर दिवाळीचा किल्ला करायला मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. माती सोसायटीतलीच घ्या, गडावरून दगड-माती आणायची नाही. आहळीव दिवाळीच्या सहा-सात दिवस आधी पेरा. सात दरवाजे कसे बसवायचे, यावर भांडण होईल, त्यात पडू नको.

आणि मोजे मशीनमध्ये टाकण्याआधी कुसळं काढ, नाहीतर ती सगळ्या कपड्यांत जातात. एकेक, चिमटीने काढावी लागतात, तासभर मोडतो. ते काम जावयाला दे.

तुझी,
मावशी